जलसमाधी : सहकुटुंब, सहपरिवार

सागरी इतिहासाचे संग्रहालय ही संस्था मुळात एकट्या माणसासाठी कल्पिलेली आहे. या माणसाने प्रत्येक फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, जहाजाच्या प्रतिकृतीभोवती दोनदा फिरावे, नांगराच्या वजनाची मनाशी नोंद घ्यावी आणि कोणाशीही न बोलता पुढच्या दालनात जावे, असे गृहीत धरून तिची मांडणी केलेली असते. प्रत्यक्षात तेथे येते ते कुटुंब, म्हणजे पाच ते पंचाहत्तर या वयांत पसरलेला, एकमेकांच्या नकळत निरनिराळ्या मजल्यांवर पोचणारा आणि ज्यातील कोणाही दोघांना एकाच वेळी भूक लागत नाही असा जनसमूह. बहुतेक संग्रहालयांत या दोन व्यवस्थांचा संघर्ष तासाभरात उपाहारगृहात मिटतो. स्टॉकहोममधील वासा संग्रहालयाचे वेगळेपण असे की, तेथील मुख्य वस्तूच एका फसलेल्या कौटुंबिक सहलीचा पुरावा आहे, आणि त्यामुळे तेथे गेलेले कुटुंब पाहुणे म्हणून आत शिरते व तज्ज्ञ साक्षीदार म्हणून बाहेर पडते.

वासा ही स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव्ह आडोल्फ याने पोलंडशी चाललेल्या युद्धासाठी बांधवून घेतलेली युद्धनौका होती. नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढील टोकाच्या, बाहेर झेपावणाऱ्या तिरक्या डोलकाठीसह तिची लांबी ६९ मीटर, उंची सुमारे ५२ मीटर, तोफांचे मजले दोन, तोफा ६४ आणि अंगावरील कोरीव शिल्पे व नक्षीकामाचे तुकडे मिळून सुमारे ७०० असा एकंदर थाट होता. १० ऑगस्ट १६२८ रोजी, रविवारी दुपारी, ती राजवाड्याखालच्या धक्क्यावरून निघाली, तेव्हा दहापैकी चारच शिडे उभारलेली होती, वारा मंद होता आणि सलामीच्या तोफा झाडता याव्यात म्हणून तोफांच्या खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. वाऱ्याच्या एका झोताने ती कलली व सावरली. पुढच्या झोताने मात्र ती इतकी कलली की खालच्या मजल्याच्या खिडक्यांतून पाणी आत शिरले, आणि जेमतेम १,३०० मीटर अंतर कापून ती बंदरातच, शहराच्या डोळ्यांदेखत, ३२ मीटर खोल तळाशी गेली. जहाजावर त्या वेळी सुमारे दीडशे माणसे होती व त्यांत काही बायकामुलेही होती, कारण प्रवासाच्या पहिल्या टप्प्यापुरते घरच्यांना सोबत नेण्याची मुभा खलाशांना मिळालेली होती. निदान तीस जीव त्या दिवशी गेले. इतिहासकार या घटनेला नौकानयनातील दुर्घटना म्हणतात. परंतु रविवार, दुपारची वेळ, कोरे वाहन, घरची मंडळी आणि ‘वारा कुठे आहे फारसा’ हा आत्मविश्वास या घटकांचा एकत्रित विचार केला असता, तिचे वर्गीकरण सहल या सदरात करणेच अधिक शास्त्रीय ठरेल.

स्टॉकहोममध्ये, विशेषतः शिस्ता या उपनगराच्या परिसरात, संगणक व दूरसंचार क्षेत्रांत नोकरी करणारी मराठी कुटुंबे आता चांगलीच रुळलेली आहेत, आणि मे ते ऑगस्ट या काळात त्यांच्याकडे पुणे, नाशिक, ठाणे, सांगली येथून आईवडील, सासूसासरे व क्वचित एखादी मावशी ९० दिवसांच्या व्हिसावर दाखल होतात. पाहुण्यांच्या प्रत्येक तुकडीला वासा दाखवणे हे यजमान मुलाचे कर्तव्य समजले जात असल्यामुळे, चार-पाच वर्षे तेथे राहिलेल्या सर्वसाधारण मराठी अभियंत्याने या जहाजाच्या सहवासात जेवढे तास काढलेले असतात, तेवढे तास जहाजाचा कप्तान सोफ्रिंग हान्सॉन यालाही ते समुद्रावर हाकण्यासाठी मिळाले नव्हते. संग्रहालयात माहितगार मार्गदर्शकासह फेरीची सोय असते, पण ‘याला सगळं तोंडपाठ आहे’ या आईच्या निर्णयामुळे तिचा लाभ घेतला जात नाही. आणि तोंडपाठ असलेले सांगून सांगून मुलगा अशा अवस्थेला आलेला असतो की, राजाचे नाव उच्चारताना त्याच्या चेहऱ्यावर त्या राजाच्या कोणत्याही प्रजाजनाला शोभणार नाही असा कंटाळा दिसतो.

भेटीची आखणी हा या अभ्यासातील महत्त्वाचा भाग आहे. संग्रहालय यूरगॉर्देन या बेटावर असून, त्याच्या शेजारीच नॉर्डिक संग्रहालयाची राजवाड्यासारखी इमारत, थोडे पुढे आब्बा या गायकवृंदाचे संग्रहालय आणि टेकडीवर स्कान्सेन, म्हणजे देशभरातील जुनी घरे मूळ जागेवरून उचलून आणून पुन्हा उभारलेले व १८९१ साली सुरू झालेले खुले संग्रहालय, अशी दाटी आहे. एकदा ट्रामचे भाडे खर्च केल्यावर ही सर्व स्थळे एकाच दिवसात पाहावीत, संध्याकाळी बोटीने परतावे आणि वाटेत जुन्या गावातही डोकवावे, असा आराखडा तयार होतो. हा आराखडा करणारा मुलगा असतो, त्यात भर घालणारी सून असते, वडील त्यात राजवाड्याच्या पहारेकऱ्यांची अदलाबदल जोडतात, आणि त्यास अंतिम मंजुरी देणारी थोरली बहीण प्रत्यक्ष पिंपरीत असते. ती गेल्या उन्हाळ्यात येऊन गेलेली असल्यामुळे व्हॉट्सॲपवरचा तिचा अंगठा हा राजमुद्रेच्या तोडीचा मानला जातो.

प्रवेशद्वाराशी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही हे कळताच कुटुंबात समाधानाची लहर पसरते. मोठ्यांच्या तिकिटाची क्रोनरमधील किंमत रुपयांत सांगायची नाही, असा नियम मुलाने विमानतळावरच घालून दिलेला असतो. त्यामुळे वडील हिशेब मनातल्या मनात करतात व उत्तर चेहऱ्यावर दाखवतात. आत प्रकाश मंद आणि तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास ठेवलेले असते, कारण लाकडाला तेच मानवते. सांगलीहून आलेल्या माणसाला काय मानवते याचा विचार त्या वेळी झालेला नसावा. ‘स्वेटर घ्या’ ही सूचना सकाळी घरी दिली गेलेली असते, परंतु बाहेर ऊन असल्याने ती फक्त आजीने पाळलेली असते, आणि आजीचा स्वेटर आत शिरल्यावर तिसऱ्या मिनिटाला, उकडत असल्याची तक्रार करणाऱ्या नातवाच्या अंगात गेलेला असतो.

यानंतर समोर जहाज येते, आणि कुटुंब गप्प होते. ही शांतता खरी असते व तिची थट्टा करण्याचे कारण नाही. काळसर ओकच्या लाकडाचा तो डोंगर अंधारातून वर चढत जातो, पिछाडीवर सिंह, योद्धे व राजचिन्हे एकमेकांच्या खांद्यावर उभी असतात, आणि पाच वर्षांच्या मुलापासून पंचाहत्तर वर्षांच्या गृहस्थांपर्यंत प्रत्येकाची मान एकाच कोनात मागे झुकते. दिवसभरात कुटुंबाची दिशा एक होण्याचा हा एकमेव प्रसंग होय. तो संपवण्याचे काम आजोबांच्या प्रश्नाने होते. ‘हे खरं आहे, की नंतर बनवलंय?’

खरे आहे, आणि सुमारे ९८ टक्के मूळचे आहे. लाकडी जहाजे पाण्याखाली नष्ट होतात ती मुख्यतः जहाजकिड्यामुळे; हा वस्तुतः किडा नसून शिंपल्यांच्या कुळातील, लाकूड पोखरून आत राहणारा प्राणी आहे, आणि बाल्टिक समुद्राच्या या भागातील पाणी पुरेसे खारट नसल्याने तो तेथे जगत नाही. त्यामुळे वासा ३३३ वर्षे बंदराच्या चिखलात तशीच बसून होती. आंदेर्स फ्रान्सेन या अभियंत्याने घरीच बनवलेले, तळाच्या लाकडाचा नमुना खरवडून आणणारे वजन दोरीने सोडून सोडून १९५६ साली तिचा ठाव लावला. पाणबुड्यांनी तिच्या पोटाखालून सहा बोगदे खणून त्यांतून पोलादी दोर ओवले, आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ती पाण्याबाहेर आली. पुढे सतरा वर्षे तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे, म्हणजे मलमांतही वापरल्या जाणाऱ्या मेणचट पदार्थाचे, पाण्यात मिसळून फवारे मारण्यात आले, कारण भिजलेले लाकूड नुसतेच वाळवले असते तर आक्रसून तडकले असते. एवढे ऐकून घेतल्यावर आजोबा आपल्याकडे सागवान वापरत असत असे नमूद करतात. त्यांचे म्हणणे साधार आहे : वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेली ट्रिंकोमाली ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. मात्र हे स्वीडिश पहारेकऱ्याला मराठीतून, त्याच्या दंडाला हात लावून सांगण्याची आवश्यकता नसते.

मुलांचे ज्ञानार्जन वेगळ्या मार्गाने चालते, आणि ते मोठ्यांच्या ज्ञानार्जनापेक्षा अधिक टिकाऊ असते. जहाजाच्या नाळेशी खलाशांसाठी दोन उघडी शौचासने होती, आणि जहाजाची योजना १४५ खलाशी व ३०० सैनिकांसाठी केलेली होती, ही दोन विधाने एकत्र आली की सात वर्षांचे मूल कोणाच्याही मदतीशिवाय भागाकार शिकते. चाळीत वाढलेल्या आजींना मात्र या संख्येचे नवल वाटत नाही. रांगेवरून भांडणे होत होती का, एवढेच त्या विचारतात. त्याच परिसरात बाकाखाली दबून बसलेल्या पोलिश सरदाराची कोरीव आकृती आहे, म्हणजे शत्रूचा अपमान कोणत्या जागी अधिक परिणामकारक होईल याचा विचार त्या काळच्या सुतारांनी बारकाईने केला होता. मुलांना सर्वाधिक भावणारी गोष्ट मात्र १६२८ ची नसून १९६१ ची असते. जहाज वर काढले जाण्याच्या आधी फिनलंडमधील अभियांत्रिकीच्या काही विद्यार्थ्यांनी पाव्हो नुर्मी या विसाव्या शतकातील फिनिश धावपटूचा छोटा पुतळा गुपचूप त्यावर नेऊन ठेवला, आणि सतराव्या शतकातील अवशेष हळुवारपणे साफ करणाऱ्या संशोधकांच्या हाती तो लागला. ही हकिकत ऐकल्यावर नातवाच्या हातातील खेळण्यातली मोटार काढून घेणे हे शहाणपणाचे असते.

जहाजाबरोबर निदान पंधरा माणसांचे सांगाडेही सापडले. त्यांना संशोधकांनी अक्षरे व नावे दिली असून, त्यांतील गुस्ताव्ह या नावाने अनेक वर्षे ओळखला गेलेला सांगाडा स्त्रीचा असल्याचे डीएनए तपासणीवरून २०२३ साली जाहीर झाले व तिचे नाव गर्ट्रूड ठेवण्यात आले. ती तेथे कोणाची कोण म्हणून आली होती, हे सांगाडा सांगत नाही. या काचेसमोर आजी बराच वेळ थांबतात व नातवाचा हात धरून ठेवतात.

संग्रहालयाचा खरा गाभा मात्र चौकशीच्या कागदांत आहे, आणि येथे मराठी कुटुंबाला कोणत्याही फलकाची गरज लागत नाही. त्यासाठी एक संज्ञा समजून घ्यावी लागते : जहाज पाण्यात सरळ उभे राहावे म्हणून त्याच्या पोटात सर्वांत खाली जे जड दगड भरतात, त्यांना नीरम म्हणतात. वासाच्या पोटात सुमारे १२० टन नीरम होते व ते अपुरे होते, परंतु आणखी भरले असते तर जहाज अधिक खोल बसून तोफांच्या खिडक्या पाण्याशी टेकल्या असत्या. म्हणजे दोष दगडांत नसून, अरुंद बुडावर चढवलेल्या अवाढव्य वरच्या बांधणीत होता. हे कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. निघण्यापूर्वी धक्क्यालाच बांधलेल्या जहाजावर तीस माणसांना एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदम धावायला लावून स्थैर्याची परीक्षा घेण्यात आली, आणि तिसऱ्या धावेनंतर जहाज इतके डोलू लागले की नौसेनापती क्लास फ्लेमिंग याने परीक्षा थांबवली. परीक्षा थांबली, निघणे थांबले नाही. राजा पोलंडच्या मोहिमेवर होता, जहाज लवकर पाठवा असा त्याचा तगादा होता, आणि ते उभे राहत नाही हे त्याला पत्राने कळवण्याचे काम आपले आहे असे कोणालाही वाटले नाही.

बुडाल्यानंतर कप्तान हान्सॉनला अटक झाली. त्याने शपथेवर सांगितले की तोफा नीट बांधलेल्या होत्या आणि खलाशी शुद्धीवर होते. सप्टेंबर महिन्यात राजवाड्यात चौकशी बसली. नीरमाकडे लक्ष का दिले नाही असे विचारता तांडेलाच्या दर्जाचा अधिकारी योरान मॅटसॉन याने, पोटात आणखी जागाच नव्हती आणि परीक्षेच्या वेळी आपण सेनापतींना सांगितले होते, असे उत्तर दिले. गोदीचा कारागीर हाइन याकोब्सॉन याने, मापे आपली नसून आपल्या आधीच्या मुख्य कारागिराची होती व ती राजाने मंजूर केली होती, असे निवेदन केले. तो आधीचा कारागीर, डच नौकाबांधणीकार हेन्रिक हुबर्टसॉन, एक वर्षापूर्वीच वारला होता. मग चूक कोणाची, या प्रश्नावर हुबर्टसॉनचा भागीदार आरेंट द ग्रोटे याने, ते परमेश्वरच जाणे, अशा आशयाचे उत्तर दिले. अशा रीतीने जबाबदारी क्रमाक्रमाने वर चढत मृत माणूस, राजा आणि देव या तिघांपाशी पोचली, आणि या तिघांपैकी कोणालाही समन्स बजावता येत नसल्याने कोणालाही शिक्षा न होता चौकशी संपली.

या दालनात उभे असताना दुपारचे अडीच वाजलेले असतात. आराखड्यानुसार कुटुंब या वेळी स्कान्सेनमधील अस्वले पाहून आब्बाच्या दारात असायला हवे होते. प्रत्यक्षात सासूबाई तिसऱ्या मजल्यावर बाकावर, वडील तळमजल्यावर दुसऱ्यांदा तीच चित्रफीत पाहत, धाकटे मूल भेटवस्तूंच्या दुकानात आणि सून या तिघांना फोन करत असते. आजोबांचा गुडघा सकाळी ट्रामच्या पायरीवरच बोलला होता, हे सर्वांनी पाहिले होते. ‘थोडं चालल्यावर मोकळा होतो तो’ असे सांगून ती परीक्षा तिथेच थांबवण्यात आली होती. आता ट्रामच्या थांब्यावर चौकशी सुरू होते. मुलगा सांगतो की वेळा त्याच्या नव्हत्या, ताईने मंजूर केल्या होत्या. सून सांगते की तिने फक्त नॉर्डिक संग्रहालय घातले होते आणि तेही शेजारी होते म्हणून. वडील सांगतात की पहारेकऱ्यांच्या अदलाबदलीचे ते सहज बोलले होते. ताईला फोन लावावा असे कोणी सुचवत नाही, कारण पिंपरीत आता संध्याकाळ झालेली असते आणि ती ‘कसं झालं?’ असे विचारील. तिने फोन केलाच तर ‘मस्त झालं, सगळं पाहिलं’ असे सांगितले जाते. राजाला बातमी कळायला दोन आठवडे लागले होते. येथे ती कधीच कळत नाही, एवढाच काय तो जवळजवळ चार शतकांतील प्रशासकीय फरक.

संग्रहालयातील एका काचपेटीपाशी मात्र प्रत्येक कुटुंबाने थांबले पाहिजे, आणि नेमकी तीच घाईत राहून जाते. जहाजावर सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या आहेत. त्यांतील काही स्वीडिश फुटाच्या, म्हणजे बारा इंचांच्या, तर काही ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, म्हणजे अकरा इंचांच्या आहेत. गोदीत स्वीडिश व डच कारागीर एकाच जहाजावर काम करत होते आणि प्रत्येकाचा फूट आपापला होता. वासाच्या दोन्ही बाजू एकसारख्या नाहीत आणि डावी बाजू उजवीपेक्षा भारी आहे, हे आधुनिक मोजणीतून दिसून आले आहे. गोदीचा कारभार मात्र हुबर्टसॉनच्या आजारपणात व मृत्यूनंतर त्याची पत्नी मार्गारेटा नील्सडॉटर हिने सांभाळला, आणि नवरा गेल्यावर सुरू असलेले राजाचे काम, भागीदार, मजूर व देणेकरी या सर्वांना तोंड देणाऱ्या या बाईची हकिकत खालच्या कोणत्याही तोफेपेक्षा अधिक वाचनीय आहे. पण संग्रहालयातील बहुतेक पाहुण्यांप्रमाणे मराठी पाहुण्यांचेही लक्ष तोफांकडेच असते.

ज्यांना शहाण्या जहाजाची हकिकत हवी असेल त्यांच्यासाठी तीही उपलब्ध आहे. वासाच्या पाठोपाठ त्याच गोदीत एप्लेट नावाची भावंड नौका बांधली गेली व १६२९ साली पाण्यात उतरली. ती सुमारे एक मीटर जास्त रुंद होती आणि तिने नौदलात तीस वर्षे काढली. तिचे अवशेष २०२१ च्या डिसेंबरात वाक्सहोल्मजवळ पाण्याखाली आढळले व पुढच्या वर्षी त्यांची ओळख पटली.

तेव्हा स्टॉकहोमला जाणाऱ्या मराठी वाचकांना एवढीच विनंती की, वासासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा, स्कान्सेनला दुसऱ्या दिवशी जावे, प्रत्येकाने आपापला स्वेटर घ्यावा, आणि आजोबांचा गुडघा ट्रामच्या पायरीवर काही सांगू लागला तर ते तिथल्या तिथे ऐकून घ्यावे.